सिंह किती पाहिलेत?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत शिक्षणशास्त्रावर, मातृभाषेवर आणि आपल्या संस्थेच्या वाटचालीवर अभ्यासू वक्ते बोलले. माझ्याकडे समितीने मागणी केली ती मात्र प्रवासवर्णनाची. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी टांझानियात तंबूत राहून वन्यप्राणी पाहून आले, ही गोष्ट शाळेत सर्वश्रुत आहे. वर्गावर्गांत ती मी सांगितली आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगितली. आज उरलेली अर्धी सांगायची आहे.

परत आल्यावर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "बाई, सिंह किती पाहिलेत?" उत्तर आहे एकोणीस. मी आकडा सांगते, समोरच्याचे समाधान होते आणि विषय तिथेच संपतो. आकड्याने विषय संपतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. निकालाच्या दिवशी "किती टक्के?" विचारले जाते आणि मुलाविषयीचे बोलणे तिथेच थांबते. त्या एकोणीस सिंहांच्या पलीकडे काय होते, तेच मला आज आपल्यासमोर ठेवायचे आहे.

या प्रवासाचे निमित्त आपलाच एक माजी विद्यार्थी होता. त्याचे नाव मी घेणार नाही. त्याला ते आवडणार नाही. बडोद्याच्या अनेक घरांचे पूर्व आफ्रिकेशी जुने नाते आहे. आपल्या शेजारच्या गुजराती कुटुंबांत कुणाचे आजोबा झांजीबारला, कुणाचे काका मोंबासाला गेलेले असतात. मराठी घरांत हे तसे विरळ. हा विद्यार्थी मात्र हिशेबनिसाच्या नोकरीसाठी अरुशाला गेला आणि तिथेच स्थिरावला. "बाई, एकदा या. कमाठीबागेत पिंजऱ्यातला सिंह तुम्ही आम्हांला दाखवलात, मी तुम्हांला मोकळा दाखवतो," असे तो दर पत्रात लिहीत असे. शेवटी माझे यजमान, आपल्या निवृत्त विज्ञान शिक्षिका आणि मी असे तिघे निघालो. तिथे तो, त्याची पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी आम्हांला येऊन मिळाली. वाहनचालक हाच मार्गदर्शक, आणि सोबत एक स्वयंपाकी. एका गाडीत आठ माणसे, टपावर तंबू आणि सामान, असा आमचा काफिला होता.

'सफारी' हा शब्द आपण जंगलाशी जोडतो. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ साधा प्रवास. कामानिमित्त परगावी गेलेला माणूसही तिथे सफारीवर असतो. अरबीतील 'सफर' स्वाहिलीत गेली तशीच आपल्याकडेही आली. पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाच्या तोंडी 'हेसाबू', 'साबुनी', 'दुनिया', 'हबारी' हे शब्द आले, आणि हिशेब, साबण, दुनिया, खबर ही आपली मंडळी वेगळ्या वेषात भेटल्यासारखे वाटले. सिंहाला मात्र तिथे 'सिंबा' म्हणतात, आणि आपल्या 'सिंह' शब्दाशी असलेले ते साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला असा योगायोग मोहात पाडतो, म्हणून मुद्दाम सांगते.

नात्यांच्या शब्दांनी तर फारच करमणूक केली. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबा' तेवढे बाबाच. त्यामुळे आमचे स्वयंपाकी मला आदराने 'मामा' म्हणत, माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीला 'दादा' म्हणत आणि त्याला 'काका'. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर माझे 'मामा' जाऊन 'मवालिमू' झाले. मवालिमू म्हणजे शिक्षक. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे राजकारणात येण्यापूर्वी शाळेत शिकवत असत आणि देश त्यांना अखेरपर्यंत 'मवालिमू' म्हणूनच ओळखत राहिला. राष्ट्राच्या प्रमुखाला गुरुजी म्हणणाऱ्या देशात आपण आलो आहोत, याचे मला फार अप्रूप वाटले. १९६१ मध्ये अरुशाच्या परिषदेत याच न्येरेरेंनी जाहीर केले होते की वन्यप्राण्यांचे रक्षण ही आपली पुढच्या पिढ्यांप्रती जबाबदारी आहे. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा काही महिने उरले होते.

अरुशाहून निघून आम्ही प्रथम तरांगिरेला गेलो. निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने माझी बॅग उघडायला लावली आणि गडद निळे व काळे कपडे बाजूला काढले. त्सेत्से नावाची चावरी माशी या रंगांकडे धावून येते. आपल्या शाळेचा गणवेश निळा! सगळी शाळा इथे आणली तर काय होईल, या विचाराने आम्ही तिघेही हसलो.

तरांगिरेत लक्षात राहिली ती गोरखचिंच. गुजरातेत आणि कोकणात एखाददुसरे जुने झाड आपण पाहिलेले असते आणि तेवढ्यानेच थक्क झालेलो असतो. मूळची ती आफ्रिकेची. तिथे माळच्या माळ त्यांनी भरलेले आहेत, आणि बहुतेक झाडांची साल खालच्या बाजूने ओरबाडलेली आहे. कोरड्या दिवसांत हत्ती ही साल सोलून आतला ओलावा चघळतात. झाड मात्र पुन्हा साल धरते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. 'वुली' म्हणजे तिथला छोटा पावसाळा नुकताच सुरू होत होता, पण तरांगिरे नदीच्या पात्रात अजून हत्तींची वर्दळ होती. एक हत्तीण पायाने वाळू उकरून पाण्याची वाट पाहत उभी होती. पिल्लू तिच्या पायांतून पुढे घुसले, तिने सोंडेने त्याला हलकेच मागे सारले आणि खळग्यात पाणी साचल्यावर पुढे येऊ दिले. आम्ही तिथे चाळीस मिनिटे थांबलो. गाडीत कुणी बोलले नाही.

तिथून न्गोरोंगोरोच्या उंच कड्यावरून पलीकडे उतरत आम्ही सेरेंगेटीत शिरलो. हे राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गीरच्या दहापटीहून थोडे अधिकच. मसाई भाषेतील ज्या शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थ संपता न संपणारी भूमी असा सांगतात. गवताचा तो विस्तार पाहताना क्षितिजालाही कुठे टेकावे कळत नसावे, असे वाटते.

सेरोनेरा भागातील तंबूतळावर आमचा मुक्काम होता. तळाला कुंपण नाही. स्वयंपाकाची आणि जेवणाची जागा तेवढी जाळीने बंदिस्त. तंबू गवतात, स्वच्छतागृह पन्नास पावलांवर. मार्गदर्शकाने संध्याकाळी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. अंधार पडल्यावर एकट्याने चालायचे नाही. रात्री तंबूची चेन उघडण्यापूर्वी बॅटरीचा झोत चहूकडे फिरवायचा, आणि डोळे चमकले तर चेन पुन्हा लावून घ्यायची. तंबू कधीही उघडा टाकायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, खाण्याचा एक कणही तंबूत ठेवायचा नाही. मी मान डोलावली. नियम सांगण्यात माझे आयुष्य गेलेले. नियम पाळणाऱ्यांत आपण आहोतच, असे मी गृहीत धरले होते.

ती लक्ष्मीपूजनाची रात्र होती. जेवणाच्या टेबलावर स्वयंपाक्याच्या परवानगीने आम्ही एकच पणती लावली. अमावास्येचा काळोख इतका दाट की पणतीच्या उजेडापलीकडे काहीच नव्हते, आणि वर आकाशात मात्र तिळभर जागा रिकामी नव्हती. दहाच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र आडवे होऊन वर आले. आम्ही तंबूत शिरलो.

आता कबुली देते. पाडव्याच्या सकाळी सर्वांच्या हातावर ठेवावेत म्हणून घरून आणलेले बेसनाचे लाडू मी डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी उशाशी ठेवली होती. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, त्याचा वास कुठला यायला, असा माझा तर्क.

रात्री केव्हातरी जाग आली. दूरवर सिंहाची डरकाळी सुरू होती. ती कित्येक किलोमीटर ऐकू जाते, असे वाचले होते. ती कानांपेक्षा छातीत जास्त जाणवते, हे वाचलेले नव्हते. ती थांबली. मग अगदी जवळ, कापडापलीकडे, श्वास ऐकू आला. कुणीतरी हुंगत होते. तंबूचे कापड माझ्या डोक्याच्या बाजूने किंचित आत दबले आणि पुन्हा सरळ झाले. यजमान गाढ झोपेत होते. त्यांना उठवावे तर आवाज होईल, न उठवावे तर एकटीने हे सहन करावे लागेल. शेजारच्या तंबूत दहा वर्षांची मुलगी झोपली आहे, हे आठवले आणि माझ्या अंगाचे पाणी झाले. माझ्या एका डब्यामुळे त्या मुलीला काही झाले असते तर? ती पाचदहा मिनिटे असतील, पण इतकी लांब मिनिटे मी पुन्हा कधी अनुभवली नाहीत. शेवटी पावले दूर गेली आणि थोड्या वेळाने तरसाची ती चढत जाणारी हाक आली.

सकाळी मार्गदर्शक आमच्या तंबूमागे वाकून काही पाहत होते. ओल्या मातीत ठसे होते. "चार बोटे, आणि पुढे नखांच्या खुणा," त्यांनी दाखवले. सिंह-बिबटे चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशांत नखे उमटत नाहीत. हा ठसा 'फिसी'चा, म्हणजे तरसाचा होता. मग त्यांनी शांतपणे विचारले, "मवालिमू, तंबूत काही खाण्याचे आहे का?"

मी डबा बाहेर आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गाडीत ठेवला आणि म्हणाले, "पोले, मवालिमू." 'पोले पोले' म्हणजे हळूहळू, हे मला माहीत होते. वाटले, बाई सावकाश शिकतील असे म्हणत असावेत! विद्यार्थ्याने अर्थ सांगितला. कुणाला त्रास झाला, कुणी घाबरले, की सहानुभूतीने 'पोले' म्हणतात. चूक माझी होती आणि वाईट वाटल्याचा शब्द त्यांनी उच्चारला होता. त्यानंतर त्या डब्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण दररोज संध्याकाळी मी स्वतःहून तंबू तपासू लागले. वर्गात चूक कबूल केलेल्या मुलालाही आपण पुढची दहा मिनिटे ऐकवत राहतो. ते ऐकवणे कुणासाठी असते, हा प्रश्न त्या सकाळपासून माझ्या मागे लागला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका झाडाजवळ थांबली. विद्यार्थी हळूच म्हणाला, "बाई, बिबट्या." मला काही दिसेना. त्याची मुलगी, पत्नी, माझे यजमान, एकेक करून सर्वांना दिसला. मी दुर्बीण लावून पानन् पान पाहत होते. तेव्हा तो म्हणाला, "बाई, बिबट्या शोधू नका. फांद्या सगळ्या आडव्या आहेत. त्यांत उभी रेघ कुठे आहे, ते पाहा." मी पाहिले. एक शेपूट सरळ खाली लोंबत होती. मग शेपटीवरून पाठ, पाठीवरून मान, आणि पानांच्या कवडशांसारखे ठिपके असे सारे जनावर माझ्यासमोर हळूहळू साकार झाले. ते माझ्याकडेच पाहत होते. बहुधा पहिल्यापासून.

"हे तू कुठे शिकलास?" मी विचारले. तो हसला. "तुमच्याच वर्गात, बाई. नववी ब. खिडकीजवळचा बाक."

मला आठवले. हा मुलगा सतत खिडकीबाहेर पाहत असे. "लक्ष कुठे आहे?" हा प्रश्न मी त्याला किती वेळा विचारला असेल! शेवटी मी त्याचा बाक भिंतीकडे हलवला आणि वर्ग सुधारला असे समजले. "काय होते रे खिडकीबाहेर?" हा प्रश्न मी पंचवीस वर्षांनी, आफ्रिकेत, बिबट्याच्या झाडाखाली विचारला.

"शेवगा होता, बाई. त्यावर तांबट पक्ष्याची जोडी ढोली कोरत होती. एक आत असला की दुसरा बाहेर. पिल्लांची डोकी दिसायला लागली त्याच आठवड्यात माझा बाक हलला."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुलीला गंमत सांगावी तसे तो सांगत होता. हजेरीपटावर मी त्याला रोज उपस्थित मांडले, प्रगतिपुस्तकात 'लक्ष नसते' असा शेरा लिहिला, आणि माझ्या वर्गात लक्ष देऊन पाहणारा कदाचित तोच एक मुलगा होता. मी तिथेच त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "बाई, बिबट्या उठतोय, तिकडे बघा."

परतीच्या वाटेवर न्गोरोंगोरोच्या कड्यावर मुक्काम होता. उंची सुमारे २,३०० मीटर. थंडीने बोटे वळत नव्हती. पहाटे धुके विरले आणि खाली विवराचा तळ दिसला. प्राचीन ज्वालामुखी स्वतःतच कोसळून झालेली ही प्रचंड परात, सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेली. आत सिंह, हत्ती, म्हशी, पाणघोडे आहेत, अगदी दूरवर करड्या ठिपक्यासारखा एक काळा गेंडाही दिसला. जिराफ मात्र तळावर नाहीत. तीव्र उतार आणि चरण्याजोग्या झाडांची वाण ही त्याची कारणे सांगतात. पण मला आज बोलायचे आहे ते कड्यावरच्या एका साध्या दगडी स्मारकाविषयी.

ते स्मारक मायकेल ग्झिमेक या जर्मन तरुणाचे आणि त्याचे वडील बर्नहार्ड ग्झिमेक यांचे आहे. वडील फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक. सेरेंगेटीच्या सीमा बदलण्याचे घाटत होते, पण तिथे प्राणी किती आहेत आणि ते वर्षभर कुठे कुठे जातात, हेच कुणाला नीट ठाऊक नव्हते. १९५८ मध्ये हे पितापुत्र विमान चालवायला शिकून, झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेले छोटे विमान घेऊन तिथे गेले आणि आकाशातून त्यांनी मोजणी केली. जानेवारी १९५९ मध्ये विमानाची गिधाडाशी टक्कर होऊन मायकेल मरण पावला. वय २४. वडिलांनी काम पूर्ण केले. 'सेरेंगेटी मरता कामा नये' या अर्थाच्या नावाचे त्यांचे पुस्तक आणि चित्रपट जगभर गेले, चित्रपटाला ऑस्कर मिळाले. १९८७ मध्ये वडिलांच्या अस्थीही मुलाशेजारी ठेवण्यात आल्या.

मोजणी म्हणजे कोरडे काम, अशी माझी समजूत होती. मोजणीसाठी प्राण देणारा मुलगा मला त्या दगडापाशी भेटला आणि मग त्या आकड्यांचे पुढे काय झाले, याची मी परतल्यावर चौकशी केली. ती हकिकत फार मोलाची आहे.

सेरेंगेटीचा प्रमुख रहिवासी वाइल्डबीस्ट, ज्याला नू असेही म्हणतात. बैलाचे खांदे, घोड्याचे शेपूट आणि बोकडाची दाढी असलेला हा प्राणी पावसामागून दरवर्षी शेकडो किलोमीटरची फेरी करतो. ग्झिमेकांच्या मोजणीत ते लाखाच्या आसपास भरले. १९६१ च्या अधिक काटेकोर मोजणीत सुमारे अडीच लाख. आणि १९७७ मध्ये तेरा लाखांच्या घरात! सोळा वर्षांत पाचपट. सिंह कमी झाले होते का? नाही. मग काय झाले होते?

आपल्या आजोबांच्या पिढीला बुळकांडी हा गुरांचा रोग माहीत होता. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. १८८७ च्या सुमारास तो आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. इटालियन सैन्यासाठी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो गेला, असे इतिहासकार मानतात. काही वर्षांत तो मसाईंच्या प्रदेशात पोहोचला. त्यांची बहुतेक गुरे मेली, माणसे उपासमारीने मेली, आणि रानातल्या म्हशी व नूदेखील मेले. त्यानंतर कित्येक दशके नूंची वर्षभराची वासरे या रोगाला बळी पडत राहिली. रानटी जनावरे रोग बाळगतात आणि आपल्या गुरांना देतात, असा समज होता. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उद्यानाभोवतीच्या पाळीव गुरांना नेटाने लस टोचली गेली, आणि नूंमधला रोग आपोआप नाहीसा झाला. रोग गोठ्यातून रानात जात होता!

पुढची साखळी पाहा. नू वाढले, त्यांनी गवत कमी केले. गवत कमी झाल्यामुळे वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्यामुळे रोपटी जगली आणि उजाड माळावर पुन्हा झाडे उभी राहू लागली. एका गाईला टोचलेल्या सुईमुळे कुठल्यातरी टेकडीवर बाभळीची सावली पडली. ज्या माणसाने ती सुई टोचली त्याला हे स्वप्नातही ठाऊक नसणार. केनियातील संशोधक वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास बुळकांडीवर अधिक सुरक्षित लस तयार केली. त्याआधी १९२० च्या दशकात आपल्याच देशात, कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या संस्थेत, बकऱ्यांच्या साहाय्याने या रोगाची लस बनली होती. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपूर्ण हद्दपार केलेला हा दुसराच रोग.

या कथेला एक दुखरी बाजूही आहे आणि ती लपवणे शिक्षकाला शोभत नाही. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मसाई कुटुंबांना बाहेर पडावे लागले. न्गोरोंगोरोत त्यांना गुरांसह राहू देण्याचे ठरले, पण तिथेही त्यांच्या स्थलांतराचा वाद आजतागायत चालू आहे. आपल्या गीरमधल्या मालधारींची कहाणी ऐकलेल्यांना हे परके वाटणार नाही. गीरचे सिंह २०२० मध्ये ६७४ होते, २०२५ च्या गणनेत ८९१ भरले, याचा आपल्याला अभिमान आहे. जंगल वाचवण्याची किंमत कोण मोजतो, हा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे.

मित्रहो, आता आपल्या शाळेकडे येते. आपल्याला नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे, "पट किती?" साठ वर्षांपूर्वी एका वर्गाच्या दोन तुकड्या करूनही बाक पुरत नसत. आज महाराष्ट्राबाहेरच्या बहुतेक मराठी शाळांसारखाच आपला पट घसरला आहे. हे या मंचावरून बोलू नये, असे मला सुचवण्यात आले होते. पण रोज हजेरी घेणाऱ्या बाईंना ते लपवता येत नाही.

आकडा सांगून हळहळणे ही एक मोजणी झाली. ग्झिमेकांनी केली ती दुसरी. तिच्यात आकड्यापाठोपाठ 'का?' हा प्रश्न येतो. नू कमी का, म्हणून आपण सहज सिंहाकडे बोट दाखवले असते. कारण मात्र गोठ्यात होते. पट घसरला की आपण इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे बोट दाखवतो. त्या आहेत, त्यांची ओढही आहे. पण आपल्या गोठ्यात काय आहे? मराठीतून शिकलेल्या मुलाचे इंग्रजी कच्चे राहू नये, यासाठी आपण किती झटलो? घरी मराठी बोलणाऱ्या पालकांना शाळेत किती वेळा बोलावले? आणि माझ्यासारख्या किती शिक्षकांनी पाहणाऱ्या मुलांचे बाक भिंतीकडे हलवले? शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाकडे या वर्षी आम्ही जाणार आहोत. परत बोलावण्यासाठी नाही. का गेलात, हे ऐकण्यासाठी. ऐकताना मध्ये बोलायचे नाही, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. परतल्यापासून प्रत्येक वर्गात खिडकीपाशी एक वही टांगलेली आहे. बाहेर जे दिसेल ते तारीख-वेळ घालून कुणीही लिहावे. शेवगा आता नाही. तिथे सायकलींची शेड झाली. पण कडुनिंबावर खारी आहेत, पावशा येतो, आणि सातवीच्या मुलांनी शेडच्या पत्र्याखालचे पाकोळीचे घरटे एकवीस दिवस सलग नोंदवले आहे. डिसेंबरात या वह्या घेऊन आम्ही डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी पाहायला जातो. पालकांना माझे सांगणे एवढेच, की मुलांना जंगल दाखवण्यासाठी आफ्रिका गाठण्याची गरज नाही. वढवाणा आहे, वेळावदरची काळविटे आहेत, गीर आहे. आणि ते पाहून मूल घरी आले, की "किती पाहिलेस?" असे कृपा करून विचारू नका. "काय पाहिलेस?" असे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

सभागृहात मागच्या रांगेत, खिडकीजवळ, माझा तो विद्यार्थी आज बसलेला आहे. त्याचे लक्ष माझ्याकडे नाही, हे मला इथून दिसते आहे. व्याख्यान संपल्यावर त्याला बाहेर काय दिसले, ते मी विचारणार आहे.